नाव देवनागरीत उभं करताना: डिझाइन स्टुडिओत नव्याने आलेल्यांसाठी

ब्रँडिंग स्टुडिओत नव्याने रुजू झालेल्यांकडे पहिल्या काही महिन्यांत एक काम हमखास येतं: ‘या लोगोचं मराठी करून द्या.’ क्लायंटचा इंग्रजी लोगो आधीच ठरलेला असतो, पाट्यांचं काम अडलेलं असतं आणि ‘फक्त मराठी टाकायचंय’ असं म्हणून दोन दिवसांची मुदत दिली जाते. मग एखादा देवनागरी फॉन्ट निवडला जातो, त्याला तोच रंग लागतो आणि नाव इंग्रजीच्या खाली बसवलं जातं. पाटी लागते, कोणाची तक्रारही येत नाही. पण त्या नावाला स्वतःचा चेहरा मात्र मिळालेला नसतो.

हे काम आता टाळता येण्यासारखंही नाही. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार आस्थापनेचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा लागतो. दुसऱ्या भाषेतला मजकूरही ठेवायचा असेल तर मराठी आधी हवं आणि तिच्या अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर अनेक स्टुडिओंकडे अशा कामांची रांग लागली. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आधी दिसणारं, आणि आकाराने निदान बरोबरीचं, रूप देवनागरी आहे. ते सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात करायचं काम राहिलेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की देवनागरी शब्दचिन्ह, म्हणजे नावाच्या अक्षरांतूनच घडवलेला लोगो, हे इंग्रजी लोगोचं भाषांतर नव्हे. ते त्या शब्दातूनच काढावं लागतं. कसं, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १. नाव कसं लिहायचं ते आधी पक्कं करा

संगणक उघडण्याआधी क्लायंटकडून नाव देवनागरीत, त्यांच्या हातचं, कागदावर लिहून घ्या. शिवाय ते मोठ्याने उच्चारायला सांगा. रोमन अक्षरांवरून अंदाज बांधू नका. ‘त’ की ‘ट’, ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, हे रोमन लिपी सांगत नाही.

मग शुद्धलेखन तपासा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ हिंदीच्या सवयीमुळे होतो. टायपिंगची साधनं, आपोआप लिप्यंतर करणारी संकेतस्थळं, दुसऱ्या राज्यातून आलेली आर्टवर्क, सगळीकडून ‘बैंक’, ‘ब्रैंड’, ‘ऐप’ अशी रूपं येतात. मराठीत ती ‘बँक’, ‘ब्रँड’, ‘ॲप’ अशी लिहितात. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच आहे. मराठीत तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून ‘निर्मिती’, ‘शक्ती’, ‘कवी’. पण समासात पहिलं पद मूळ ऱ्हस्वच राहतं, म्हणून ‘शक्तिपीठ’, ‘कविराज’. व्यक्तिनामांत आणि घराण्याच्या नावांत मात्र कुटुंब जसं लिहितं तसंच ठेवा. तिथे नियम दाखवून वाद घालू नका, फक्त एकदा विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर लेखी मिळवा.

‘ल’ आणि ‘श’ यांची रूपंही याच टप्प्यावर ठरवा. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड ‘श’ ही रूढ वळणं. देठाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ ही वळणं हिंदीतून आली. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानेही पाकळीयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड ‘श’ यांनाच पसंती दिली आहे. अनेक फॉन्टमध्ये डोळ्यांसमोर हिंदी रूप येतं आणि मराठी रूप आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ते पुढे येतं. नावात ही अक्षरं असतील तर शब्दाचा सगळा तोल या निवडीवर बदलतो, कारण पाकळीचा ‘ल’ डावीकडे बरीच जागा मागतो.

पायरी २. संगणकावर शब्द बरोबर उमटतोय का ते पाहा

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर सारखाच क्रमांक असलेल्या पद्धतीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल आली तर तिच्यातला मजकूर कॉपी करू नका, नव्याने टाइप करा. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि दुसऱ्या यंत्रावर त्यांची अगम्य चिन्हं होतात.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जुळणी आपोआप चालू असेलच असं नाही. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात इंडिक पर्याय दाखवण्याची सोय आहे. ती चालू करून पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर, म्हणजे अक्षरं जोडून ओळ जुळवणारी यंत्रणा, निवडायचा. इनडिझाइनमध्ये त्यालाच वर्ल्ड-रेडी कंपोजर म्हणतात. आवृत्तीप्रमाणे जागा थोड्या बदलतात, पण शोधल्यावर सापडतात. हे केलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार सुटून खाली येतो, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘नि’ ऐवजी ‘न’ आणि त्याच्यामागे लटकलेली वेलांटी दिसते ती याच कारणाने. कोणाला मराठी येत नव्हतं असं नसतं, कंपोजर चुकलेला असतो.

दोन अक्षरं मुद्दाम तपासा. एक ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो. दुसरा ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतला अर्धा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. फॉन्ट हा फरक दाखवत नसेल तर तो फॉन्ट मराठी कामासाठी बाजूला ठेवा.

पायरी ३. शब्दाचा सांगाडा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागद घ्या, साधी पेन्सिल घ्या आणि शब्द मोठ्या आकारात लिहा. सजवू नका. कुठे काय उभं आहे, कुठे काय आडवं आहे, वर काय जातंय, खाली काय लोंबतंय, एवढंच पाहा.

उदाहरणादाखल ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. बोलताना तीन अक्षरांचा साधा शब्द. लिहिल्यावर मात्र त्यात सहा पूर्ण दंड उभे राहतात: पहिल्या वेलांटीचा, ‘न’चा, दुसऱ्या वेलांटीचा, ‘म’चा, ‘त’चा आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीचा. ‘म’ची डावी उभी रेघ आणखी वेगळी. म्हणजे शब्दभर उभ्या रेघांचं कुंपण तयार होतं. शिरोरेषेच्या वर पाहा: दोन कमानी डावीकडून उजवीकडे वळतात, तिसरी उजवीकडून डावीकडे येते. दुसरी कमान ‘म’च्या दंडावर संपते आणि नेमका तिथेच रफार बसतो. त्याच्या लगेच पुढे ‘त’वर शेवटच्या वेलांटीचं टोक उतरतं. शब्दाच्या उजव्या अर्ध्यावर अशी गर्दी आणि डाव्या बाजूला एकच कमान. खाली तर काहीच नाही, सगळा शब्द पादरेषेवर, म्हणजे अक्षरं जिच्यावर टेकतात त्या खालच्या रेषेवर, सपाट.

एवढं वाचून झालं की डिझाइनचे प्रश्न आपोआप समोर येतात. दोन्ही ऱ्हस्व वेलांट्यांच्या कमानी एकाच उंचीच्या ठेवायच्या का? ‘म’ हा ‘न’पेक्षा रुंद, त्यामुळे दुसरी कमान लांब होते. उंची तीच ठेवली तर ती चपटी दिसते. रफार कमानीला चिकटवायचा, की तिच्यावर थोडा उचलायचा? उचलला तर पूर्ण शब्दाची उंची वाढेल आणि पाटीवर अक्षरं लहान होतील. रफार आणि दीर्घ वेलांटीचं टोक यांच्यामध्ये किती मोकळी जागा ठेवली म्हणजे दुरून ती एकच गाठ वाटणार नाही? दंडांमधली पांढरी जागा सारखी वाटावी म्हणून ‘त’च्या गोलाईला किती आत घ्यावं? माझ्या मते अशा शब्दात सगळी ओळख वरच्या पट्ट्यात आहे. तीन कमानी एका लयीत बसवल्या की शब्दचिन्ह निम्मं झालं. खाली गोलाई, टोकं, कापलेले कोन असं काही घालत बसण्याची गरज उरत नाही.

दुसरा शब्द घेतला तर सगळं बदलतं. ‘कुसुम’मध्ये वर काहीच नाही, सगळी हालचाल दोन उकारांत, म्हणजे खाली. ‘गगन’मध्ये वरही काही नाही आणि खालीही नाही. अशा शब्दात अक्षरांमधली पांढरी जागा हेच साहित्य. म्हणूनच तयार साचा चालत नाही.

पायरी ४. शिरोरेषेचं काय करायचं

नवखा डिझायनर शिरोरेषा काढून टाकून पाहतोच. पाहायला हरकत नाही, पण त्याची किंमत माहीत हवी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांमध्ये शिरोरेषा पूर्ण आहे की डावीकडे तुटलेली, यावरून वाचणाऱ्याला अर्धी ओळख पटते. ती काढली की सगळा भार डावीकडच्या छोट्या गाठीवर येतो. नावात यांपैकी एखादं अक्षर असेल तर ती गाठ ठळक करा, नाहीतर शिरोरेषा राहू द्या. दोन शब्दांचं नाव असेल तर शिरोरेषाच शब्द वेगळे करते. ती नसेल तर मधलं अंतर वाढवावं लागतं.

शिरोरेषा ठेवलीत तर तिची जाडी मनाने ठरवा, फॉन्टवर सोडू नका. ती दंडापेक्षा किंचित बारीक असली की शब्द हलका वाटतो. बरोबरीची किंवा जास्त जाड केली तर वरून भार पडतो, आणि ते काही नावांना शोभतंही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: देवनागरी शब्दाला ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर एकदम वाढवणं) लावून अक्षरं पसरवू नका. शिरोरेषेत फटी पडतात, काना-वेलांट्या अक्षरांपासून सुटतात. शब्द रुंद हवा असेल तर अक्षरं रुंद काढा.

पायरी ५. फॉन्ट घ्यायचा की अक्षरं काढायची

वेळ असेल तर काढा. वेळ नसेल तर चांगल्या फॉन्टवरून सुरुवात करा आणि पायरी ३ मध्ये सापडलेल्या जागा हाताने बदला. खुल्या परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आज सहज मिळतात. एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्त, बालू आणि मोदक, इंडियन टाइप फाउंड्रीचे पॉपिन्स, हिंद, खंड, तेको, गूगलचा नोटो आणि खास मराठी वळणं असलेला टिरो देवनागरी मराठी. हे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे व्यावसायिक कामात वापरता येतात, बदलता येतात, फक्त फॉन्ट म्हणून सुटे विकता येत नाहीत. विकत घ्यायच्या फॉन्टचा परवाना मात्र नीट वाचा. काहींमध्ये लोगोसाठी किंवा ॲपसाठी वेगळा परवाना लागतो, आणि तो क्लायंटच्या नावावर हवा की स्टुडिओच्या, हेही ठरलेलं असतं.

स्वतः काढत असाल तर जाड-बारीक रेषेकडे लक्ष द्या. देवनागरीचं वळण बोरूने घडलं, आणि त्या बोरूची जीभ रोमन लिपीच्या टाकाच्या उलट बाजूने तिरकी कापलेली असते. त्यामुळे जाडी वेगळ्या दिशेला येते. रोमन अक्षराची जाड-बारीक जशीच्या तशी देवनागरीवर चढवली की अक्षर आरशात पाहिल्यासारखं वाटतं, आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. शक्य असेल तर चपट्या जिभेचा टाक घेऊन आठवडाभर रोज ‘क, त, म, ळ, ह’ गिरवा. हाताला कळलं की पडद्यावरही कळतं.

पायरी ६. दोन लिप्यांची जोडी

एकाच पॉइंट साइजला दोन लिप्या सारख्या दिसत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेपासून पादरेषेपर्यंतची उंची सहसा रोमन कॅपिटलपेक्षा कमी असते, कारण वर-खाली मात्रांसाठी जागा सोडलेली असते. म्हणून फॉन्टमधला आकडा जुळवू नका, अक्षराची प्रत्यक्ष उंची मोजा. रोमन नाव कॅपिटलमध्ये असेल तर देवनागरी अक्षराची शिरोरेषा ते पादरेषा उंची त्या कॅपिटलइतकी तरी ठेवा. मात्रा धरून मोजली तर कागदावर बरोबरी होते, पण पाटीवर मराठी लहानच दिसतं.

जोडी जुळवताना रोमनचे अवयव देवनागरीवर चिकटवू नका, रोमन अक्षरांना शिरोरेषाही घालू नका. दोन्हीतला स्वभाव जुळला पाहिजे. रेषेची जाडी, कोपरे गोल की टोकदार, गोलाया मोकळ्या की आवळलेल्या, हे तीन जुळले की जोडी एका घरची वाटते. रोमनमध्ये एखादी खूण असेल, समजा एका अक्षराचा तिरका काप, तर तो देवनागरीत जिथे साहजिक बसेल तिथेच घ्या. बसत नसेल तर सोडून द्या.

पायरी ७. काळ्या रंगात दाखवा, मग चाचणी करा

क्लायंटला पहिली मांडणी फक्त काळ्या-पांढऱ्यात दाखवा. रंग आला की चर्चा रंगाचीच होते. दोनच पर्याय न्या, दोन्ही तुम्हाला मनापासून चालणारे. आणि नाव आधी त्यांच्या घरातल्या किंवा कचेरीतल्या अशा कोणाला तरी वाचायला द्या, ज्याला ते माहीत नाही. तो अडखळला तर तिथे काम बाकी आहे.

चाचण्या खऱ्या वापराच्या करा. सोळा पिक्सेलच्या फेव्हिकॉनमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरच्या छोट्या चिन्हात, पूर्ण मराठी शब्द मावत नाही. तिथे एकच अक्षर घ्या, आणि ते वेलांटी-रफार नसलेलं निवडा किंवा मुद्दाम सोपं करा. गोल प्रोफाइल चित्रात वरच्या कमानी कापल्या जातात का ते पाहा. रबरी शिक्क्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या आतल्या फटी शाईने बुजतात. शर्टावरच्या भरतकामात अनुस्वाराचा बिंदू फार बारीक असेल तर गळतो. अशा वापरासाठी थोडं सैल, बिंदू मोठा केलेलं वेगळं रूप तयार ठेवा. एकच रूप सगळीकडे ताणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पायरी ८. फाइली सोपवताना

अंतिम फाइलमध्ये अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला, पण टाइप केलेली मूळ प्रतही जपून ठेवा. आउटलाइन केल्यावर थांबू नका. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, काना आणि अक्षर वेगवेगळे आकार असतात. पडद्यावर सगळं एकसंध दिसतं. विनाइल कापणारं यंत्र मात्र प्रत्येक आकाराच्या कडेने सुरी चालवतं आणि शिरोरेषेवर आडव्या-उभ्या चिरा पडतात. अर्धपारदर्शक रंग दिला की चढलेले भाग गडद दिसतात. म्हणून इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडर पॅनेलमधलं युनाइट वापरून सगळं एकत्र करा, मग आउटलाइन व्ह्यूमध्ये मोठं करून प्रत्येक सांधा पाहा. उरलेले फालतू बिंदू काढा. या कामाला घाई करू नका.

छपाईसाठी पीडीएफ, वेबसाठी एसव्हीजी, रोजच्या वापरासाठी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. प्रत्येकी रंगीत, एकरंगी काळी आणि एकरंगी पांढरी. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, जुन्या यंत्रांवर देवनागरी नावं अजूनही बिघडतात. सोबत एक पानाची सूचना द्या: चिन्हाभोवती किती जागा मोकळी सोडायची, सगळ्यात लहान आकार कोणता, दोन लिप्यांपैकी वर कोणती, आणि नावाचं अधिकृत देवनागरी लेखन युनिकोड मजकुरात. शेवटची ओळ विसरू नका. पुढे बातमीत, पावतीवर, नकाशावर ते नाव टाइप करणारे लोक तिथूनच कॉपी करतील. नोंदणीकृत ट्रेडमार्कची वर्तुळातली खूण मात्र नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय लावू नका, कायद्याला ते चालत नाही. देवनागरी रूपाचा वेगळा अर्ज करायचा का, हे क्लायंटने वकिलांना विचारावं.

पाटी करणाऱ्याशी स्वतः बोला. त्याच्याकडे तुमची फाइल न उघडल्यामुळे तो नाव पुन्हा टाइप करतो, हे फार वेळा घडतं, आणि मग पायरी १ पासूनचं सगळं काम वाहून जातं. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे ते विचारा आणि त्याला उघडेल अशी फाइल द्या. कापायला घेण्याआधी त्याच्या पडद्याचा फोटो मागवा. त्यात वेलांट्या आपापल्या जागी आहेत का, रफार आणि अनुस्वार शाबूत आहेत का, अक्षरं आडवी ताणलेली नाहीत ना, आणि मराठी ओळ वर आहे ना, एवढं पाहून मगच होकार कळवा.